शेवटचा आकडा

"वृषाली, त्यो फोन पण ठेव की पूजेत. सारखं काय बघतीस त्यात?"

सासूबाई हे हसतच म्हणाल्या. अंगणात माझ्या नवऱ्याची, रणजितची मोटारसायकल धुऊनपुसून उभी होती, हँडलला झेंडूची माळ होती, आणि मी जरीच्या साडीत हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते. तासगावातला माझा पहिला दसरा. फोनवर चार चौकोन होते, चारही हिरवे. तिसऱ्यात आकडा होता २४.६.

ताट मी रणजितच्या हातात दिलं आणि फोन पुन्हा बघितला. २४.६.

"कुणाचं काय दुखतंखुपतंय का?"

"नाही हो आई. कामाचं आहे."

"आज कसलं काम? आज हत्यारं पण बसल्यात."

सकाळी सहाला उठल्या उठल्या बघितलं तेव्हा हाच आकडा होता आणि मला बरंच वाटलं होतं. आठला पुन्हा तोच. तेव्हाही मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पण मोटारसायकलच्या टाकीवर कुंकवाचं बोट टेकवताना एकदम लक्षात आलं. तिसऱ्या खोलीतले दिवे रोज पहाटे पाचला लागतात. दिवे लागले की ती खोली पंचविसाच्या खाली कधी नसतेच. चोवीस पॉइंट सहा हा अंधारातला आकडा होता, आणि अंगणात तर चटके बसण्याइतकं ऊन आलं होतं.

तेव्हा मी फोनच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, ती आजही आठवते. नऊ बत्तीस.

मी त्या वेळी सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी सांगली-कोल्हापूर भागातली कामं बघायचे. इमारतींमधले एसी, पंप, दिवे यांची खबरबात एका स्क्रीनवर आणून द्यायची, हा आमचा धंदा. जयसिंगपूरच्या पुढे उसाच्या फडांमध्ये एक टिश्यू कल्चरची लॅब होती. तिथे बाटल्यांमध्ये जेलीवर उसाची आणि केळीची रोपं वाढवत. रोपांच्या खोल्या चार, प्रत्येक खोलीला दोन एसी. एक कायम चालू. दुसरा महालिंगअण्णा कोरे चालू करायचे. अण्णा तिथले ऑपरेटर. रोज पहाटे साडेपाचला सायकलवरून यायचे, खोलीतला थर्मामीटर बघायचे आणि दिव्यांनी खोली तापायला लागली की दुसऱ्या एसीचं बटण दाबायचे. बावीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. आता ते कॉम्प्युटर करणार होता आणि अण्णांना पहाटेची झोप मिळणार होती.

एसीचे कंट्रोलर त्यांच्या भाषेत बोलतात, कॉम्प्युटर त्याच्या. मध्ये दुभाष्या लागतो. त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. तो बसवायचा म्हणजे सगळं किचकट आणि कंटाळवाणं काम. कुठल्या एसीचा पत्ता काय, तापमान कितव्या घरात ठेवलेलं असतं, किती सेकंदांनी विचारायचं, हे सगळं एकेक करून भरायचं. आणि सगळ्यात शेवटी तो एक प्रश्न विचारतो, जो बहुतेक जण घाईत सोडून देतात. समोरून उत्तरच आलं नाही तर काय दाखवू? प्रश्नचिन्ह, की शेवटचा आलेला आकडा?

मी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. मला तसंच शिकवलं होतं.

लॅबच्या मुख्य होत्या डॉ. उर्मिला कुंभोजकर. पन्नाशीच्या, बारीक, सदा घाईत. त्यांच्या खोलीत पाय टाकायचा तर आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, चपला बदलायच्या, डोक्याला टोपी. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत मी एसीचा एक नंबर चुकीचा लिहिला आणि सवयीने गिरगटून टाकला. त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"शाळेत आहेस का? इथं खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. वर नवा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची."

"एवढ्याशा नंबरासाठी?"

"चूक झाली हेही आपल्याला माहीत असायला लागतं बाई. कधी झाली तेसुद्धा."

त्या दसऱ्याला चारपैकी तीन खोल्या रिकाम्या होत्या. उसाची रोपं आठवड्यापूर्वीच शेतकऱ्यांकडे गेली होती. भरलेली होती ती फक्त तिसरी. तिच्यात जोगेळी होती. डॉक्टरांच्या माहेरच्या गावात चार-सहा बागांतच लागणारी एक बुटकी, पिवळीजर्द केळ. आदल्या वर्षी रोग आला आणि त्या सगळ्या बागा उपटून जाळाव्या लागल्या. त्याआधी डॉक्टरांनी दोन मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, उचलून आणले होते. चौदा महिने खपून त्या दोन मुनव्यांच्या त्यांनी हजार बाटल्या केल्या होत्या. गावाला रोपं परत द्यायचं वचन दिलं होतं. बाहेर कुठे ती केळ आता उरली नव्हती. जी काय होती ती त्या खोलीत, सहा फळ्यांच्या मांडण्यांवर.

अष्टमीच्या दिवशी काम ताब्यात द्यायचं ठरलं होतं. मालक येणार, स्क्रीन बघणार, सही करणार. आणि त्याच दिवशी तिसऱ्या खोलीचा चौकोन सारखा लाल व्हायला लागला. दर पाच-दहा मिनिटांनी आकडा जाऊन प्रश्नचिन्ह यायचं, भोंगा वाजायचा, चार सेकंदांत आकडा परत. कारण मला कळलं होतं. वायरवाल्याने आमची वायर दिव्यांच्या केबलला चिकटून ओढली होती, त्यामुळे अधूनमधून उत्तर हरवत होतं. वायर नव्याने ओढायची म्हणजे दोन दिवस.

"दोन दिवस नाहीत," केसकर सर पुण्याहून फोनवर म्हणाले. ते माझे साहेब. "वायर दिवाळीनंतर ओढू. आज सही पाहिजे. तुला कळतंय ना? कर काहीतरी."

अण्णाही वैतागले होते. "ताई, ह्यो भोंगा बंद करा बगा. एक मिनिट बसू देत न्हाई."

मी ड्रायव्हर उघडला, खालच्या ओळीवर गेले आणि प्रश्नचिन्हाच्या जागी "शेवटचा आकडा" निवडलं. तीन सेकंदांचं काम. भोंगा गप्प झाला. चारही चौकोन हिरवे, एकदम शांत. मालकांनी चहा पिता पिता सही केली.

डॉक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता दसऱ्याला मी दिवसभर आईजवळ बसले तरी चालेल? पाच वर्षांत बसले नाही गं."

"खुशाल बसा," मी म्हटलं. "फोनवर आकडा बघा म्हणजे झालं."

हे सगळं मला नऊ बत्तीसला आठवलं, आणि त्यानंतर मी काय केलं ते मी नीट सांगते, कारण पुढे त्यावरच सगळं अडलं.

आधी केसकर सरांना फोन लावला. परसात जाऊन, कडीपत्त्याच्या झाडाआड.

"सर, तिसऱ्या खोलीचा आकडा अडकलाय."

"स्क्रीन काय दाखवते?"

"हिरवं."

"मग?"

"सर, मी शेवटचा आकडा धरून ठेवायला लावलंय. पहाटेपासून उत्तरच येत नसणार."

मागे त्यांच्या घरची आरती चालू होती.

"हे कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग कोणाला सांगायची गरजही नाही. ऑपरेटरला गाठ. त्याला खोली बघून यायला सांग, काय असेल ते तो बघेल. डॉक्टरांना फोन करू नकोस. परवाच सही झालीये, वृषाली. तुझं पहिलंच काम आहे हे, लक्षात ठेव."

मी अण्णांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. लॅबच्या गेटवर फोन केला तर राखणदार म्हणाला, "ताई, आज सुट्टी. आत कुलपं हायत. चाव्या अण्णांकडं न्हायतर मॅडमांकडं. पण एशीचा आवाज येतोय की, चालू हाय." एका एसीचा आवाज येणारच होता. दोन आहेत की एक, हे बाहेरून कसं कळणार.

तोवर घरात माणसं यायला लागली. "सून कुठं हाय? सून दाखवा की." मी आत गेले, पदर घेतला, हळदीकुंकू लावलं, वाकले. उठताना फोन बघायचे. २४.६. पुन्हा परसात, पुन्हा अण्णा, पुन्हा बंद. एक आजेसासरे, दोन चुलत सासवा, शेजारचे मास्तर, त्यांची बायको. कुणाच्या तरी पायाला दोनदा हात लावला आणि सगळे हसले. मीही हसले. मी अण्णांना एकूण अकरा फोन केले. ते फोन लागत नाहीत हे मला तिसऱ्याच वेळी कळलं होतं. तरी पुढचे आठ केले. कारण अण्णा सापडले असते तर गुपचूप निस्तरलं असतं, आणि डॉक्टरांना फोन करायचा म्हणजे मी काय केलं ते सांगायला लागणार होतं. न सांगता त्या माझ्यावर का विश्वास ठेवतील? त्यांच्या फोनवरही हिरवंच होतं.

रणजित परसात आला. "काय झालंय? अशी पांढरीफटक का पडलीस?"

मी त्याला सांगितलं. जेमतेम चार वाक्यांत.

"मग त्यांना फोन कर की," तो म्हणाला. एवढंच.

मी केला.

"डॉक्टर, दसऱ्याच्या शुभेच्छा. जरा लॅबला जाऊन याल का?"

"का गं? सगळं हिरवं आहे. आत्ताच आईला दाखवलं. आई म्हणते, तुझी केळं फोनमध्ये आलीत." त्या खुशीत होत्या.

"डॉक्टर, तो आकडा खरा नाही."

"म्हणजे?"

"तो पहाटेचा आहे, दिवे लागायच्या आधीचा. मी ड्रायव्हरमध्ये तसं ठेवलंय. उत्तर आलं नाही तर जुनाच आकडा दाखवत राहा म्हणून. अष्टमीला भोंगा वाजत होता ना, तेव्हा. कॉम्प्युटरलाही तोच आकडा खरा वाटतोय, म्हणून त्यानं दुसरा एसी चालूच केला नसणार. दिवे मात्र त्यांच्या घड्याळावर लागतात. पाचपासून लागलेत."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज.

"तुला हे कधी कळलं?"

मी वेळ बघितली. दहा बारा.

"आत्ताच," मी म्हटलं.

फोन बंद झाला. त्या सांगलीत राहायच्या, लॅब त्यांना वीस-पंचवीस मिनिटांवर.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. "जा घेऊन हिला," त्या रणजितला म्हणाल्या. "पाव्हण्यांचं मी बघते. न्हाईतर दिवसभर हितंच येरझाऱ्या घालंल." मी साडी बदलायला निघाले तर म्हणाल्या, "तशीच जा."

पूजा झालेल्या त्या गाडीवरून आम्ही तासाभरात पोचलो. वाटेत सगळी माळ सुटून गेली. सांगलीच्या पुलावर गर्दी होती, रणजित शिव्या देत होता, आणि मी त्याच्या पाठीमागे बसून एकच हिशेब करत होते. सकाळी पाच ते दहा, ते अकरा. बंद खोली, शंभर ट्यूबलाइट, एक एसी. पस्तीस होईल? चाळीस? आणि मध्येच, "आत्ताच" हा शब्द कानात वाजायचा.

लॅबच्या व्हरांड्यात बाटल्याच बाटल्या ठेवल्या होत्या. डॉक्टर आणि राखणदार आतून ट्रे आणत होते. डॉक्टरांनी टोपी घातली नव्हती, हात धुतले नव्हते, नव्या कांजीवरमचा पदर कमरेला खोचला होता. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "दार उघडलं तेव्हा एकोणचाळीस. वरच्या फळीवर चव्वेचाळीस. दिवे बंद केलेत, पण दुसरा एसी हातानं लागत नाहीये. पॅनेल बघ आधी, चावी त्या टेबलावर."

पॅनेलच्या खोलीत मला सगळं कळलं. प्रत्येक कपाटाला हळदीकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूची माळ, खाली विड्याची पानं आणि सुपारी. आणि कोपऱ्यातली आमची छोटी पेटी, जिच्यातून एसीची उत्तरं कॉम्प्युटरकडे जातात, तिच्यावर सगळ्यात मोठी माळ. तिचं बटण बघितलं. बंद.

खंडेनवमीला हत्यारांना विसावा देतात. एसी बंद करता येत नाही हे अण्णांना माहीत होतं. म्हणून जे बंद केलं तर काही अडत नाही असं त्यांना वाटलं, ते त्यांनी बंद केलं. नवमी पहाटे पाचला संपत होती. त्याआधी सायकल मारत येऊन, पूजा करून, ते गावाकडे निघून गेले होते.

मी माळ बाजूला केली आणि बटण चालू केलं. मागे स्क्रीनवर २४.६ चं ३६.१ झालं. लगेच भोंगा वाजायला लागला. दुसरा एसी खडखडत सुरू झाला. तो भोंगा मी बराच वेळ बंद केला नाही.

मग मीही ट्रे उचलायला गेले. वरच्या तीन फळ्यांकडे डॉक्टर बघतही नव्हत्या. तिथली रोपं काचेला चिकटली होती, उकडल्यासारखी. चौथ्या फळीवरची हिरवी दिसत होती पण माना टाकलेली. त्यांनी एक बाटली उजेडात धरली.

"ही वाचते का बघू," त्या म्हणाल्या. "काठावर आहेत. जरा आधी उतरवल्या असत्या तर." मग माझ्याकडे बघून, "असो. तुला कळल्या कळल्या तू फोन केलास. कुणी दुसरं असतं तर गप्पच बसलं असतं."

मी ट्रे उचलून बाहेर नेला.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये अण्णा उभे होते, टोपी हातात. कोऱ्या धोतराला अजून घडी होती.

"बटन मीच बंद केलं, साहेब. फोनबी पूजेत ठिवला हुता, सांजच्याला सीमोल्लंघन झाल्यावर उचलला. त्या पेटीला काय काम असतंय, नुसतं आकडं धाडतीय. महिनाभर राबलीय, म्हनलं एक दिस इसावा देऊ. माझीच चूक हाय."

"चूकच आहे," मालक म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

अण्णांनी मान हलवली. बावीस वर्षांच्या नोकरीला एवढंच उत्तर मिळालं, आणि त्यांना तेही पुरेसं वाटलं असावं. मला ते बघवलं नाही.

"पेटी बंद झाली की स्क्रीनवर प्रश्नचिन्ह यायला पाहिजे होतं आणि भोंगा वाजायला पाहिजे होता," मी म्हटलं. "पूजा संपायच्या आत अण्णांनीच तो ऐकला असता. तो मी बंद केला होता. सही मिळावी म्हणून. चूक माझी आहे."

पुण्याहून आलेले केसकर सर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. मालकांनी सही रद्द केली, अण्णांना ठेवलं, आणि जाताना म्हणाले, "पोरगी खरं तरी बोलली." महिन्याभरात मी ती नोकरी सोडली, म्हणजे सोडायला लावली. सांगलीत दुसरी मिळाली. ही गोष्ट आमच्या धंद्यात पसरली आणि गंमत अशी की त्याने माझं नाव वाढलं. ती खरं बोलते, लपवत नाही. लोक मला मुद्दाम कामं देत. मी कुठेही ड्रायव्हर बसवला की खालच्या ओळीवर प्रश्नचिन्ह ठेवते, आणि कुणी भोंग्याबद्दल कुरकुर केली तर त्याला ही गोष्ट सांगते. चाळीस मिनिटं सोडून.

चौथी फळी आठ दिवसांत गेली. पाचव्या-सहाव्या फळीला नंतर बुरशी लागली, कारण त्या दिवशी आम्ही हात न धुता आत गेलो होतो. हजारांतल्या एकेचाळीस बाटल्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात केली.

साडेतीन वर्षांनी त्यांचा फोन आला. "ये. घड पिकलाय."

लॅबमध्ये त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर केळ्यांची एक फणी आणि सुरी ठेवली होती. बुटकी, पिवळीजर्द, टोकाला काळसर. गावातल्या पहिल्या बागेतली. अण्णा सालं काढायला सुरी कशाला म्हणून हसत होते. ते निवृत्त झाले होते, तरी येऊन बसायचे.

"पेटीला आता लांबनंच नमस्कार, ताई," ते म्हणाले. "बटनाला हात न्हाई लावत. तुमी त्या दिवशी खरं बोलला म्हनून माझी भाकर राहिली. घरात सगळी तुमचं नाव घेत्यात."

"आणि हिचा फोन आला म्हणून ही केळ राहिली," डॉक्टर म्हणाल्या. "खा. सालासकट खाल्लंस तरी चालेल, पहिलं आहे."

मी खाल्लं. इतकं गोड केळं मी आजवर खाल्लेलं नाही. दुसरं त्यांनी स्वतः सोलून माझ्या हातावर ठेवलं, तेही खाल्लं. अण्णा चहा सांगायला उठून गेले. डॉक्टर माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि मला ती नजर सहन होईना. खुर्चीत बसवेना. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

"डॉक्टर, तुम्ही मला विचारलं होतं, कधी कळलं. मी म्हटलं, आत्ताच."

"हं."

"नऊ बत्तीसला कळलं होतं. तुम्हाला फोन केला दहा बाराला. मध्ये मी अण्णांना फोन करत होते. ते उचलणार नाहीत हे माहीत असून. तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून."

त्यांनी टेबलावरच्या सालांकडे बघितलं.

"आणि हे तू दोन केळी खाऊन झाल्यावर सांगतेस?"

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. उठून कपाटाकडे गेल्या, वह्यांच्या रांगेतून एक काढली, धूळ पदराने पुसली आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. दसऱ्याचं पान. त्यांचं अक्षर त्या दिवशीही सरळ होतं.

बिघाड लक्षात आला : १०.१२. वृषाली, फोनवरून. दार उघडले : १०.३८, ३९ अंश. फळी एक ते तीन : गेल्या. फळी चार : उतरवायला सुरुवात ११.०५.

त्यांचं बोट चौथ्या फळीच्या ओळीवर थांबलं. त्या मनातल्या मनात वजाबाकी करत होत्या, ते मला दिसत होतं. मीही ती साडेतीन वर्षं करत होते. अकरा पाचातून चाळीस मिनिटं.

मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि वर पेन ठेवलं.

"खोडू नकोस," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

मी १०.१२ वरून एक सरळ रेघ मारली. वर ९.३२ लिहिलं. शेजारी सही केली, आणि त्या दिवसाची तारीख घातली, दसऱ्यानंतर साडेतीन वर्षांची. रेघेखालचं १०.१२ स्वच्छ वाचता येत होतं.

अण्णा चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. डॉक्टरांनी वही मिटली नाही. शाई वाळेपर्यंत ती तशीच उघडी ठेवली.